निदान कोणाच्या हाती?

शहरातील रुग्णालयांत आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या धर्मगुरूला एक दृश्य परिचयाचे झालेले असते. खाटेवरच्या माणसाची नजर चुकवून त्याचा मुलगा आपल्याला व्हरांड्यात नेतो, इकडेतिकडे पाहतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "फादर, रिपोर्ट आलाय. चांगला नाही. पण बाबांना यातलं काही बोलू नका." खाटेवरचा माणूस तेवढा वेळ दाराकडे पाहत असतो. आपण परत आत जातो ते चेहऱ्यावर हसू आणूनच.

ज्याच्या शरीराविषयी तो कागद आहे त्याच्यावाचून इतर साऱ्यांनी तो वाचलेला असतो. असे का व्हावे? आजाराचे निदान ही मुळात कोणाची वस्तू? आजाऱ्याची, वैद्याची, कुटुंबाची, की सरकारची? हा प्रश्न आजचा नाही. त्याला फार जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात आम्हा धर्मसेवकांचाही वाटा आहे.

पवित्र शास्त्रातील लेवीय या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तपासणीची एक रीतच घालून दिली आहे. कातडीवर डाग उठलेल्या माणसाला याजकापुढे आणावे. याजकाने डागाचा रंग पाहावा, तो कातडीपेक्षा खोल गेला आहे काय ते पाहावे, त्यावरील केस पांढरे झाले आहेत काय ते पाहावे. शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहावे, गरज पडल्यास आणखी सात दिवस थांबावे आणि मग निर्णय सांगावा. त्यात घाई नाही, कुजबुज नाही. निर्णय सांगितला जातो तो त्या माणसाच्या तोंडावर. मात्र तो 'अशुद्ध' असा असेल तर त्याचा परिणाम भयंकर होता. त्या माणसाने फाटकी वस्त्रे ल्यावीत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे आणि छावणीबाहेर एकट्याने राहावे. सत्य त्याला मिळत होते, पण सत्याबरोबर माणसे जात होती.

वैद्यांची परंपरा नेमकी उलटी होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात नव्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होणार असेल तेथे ते सांगू नये, असे बजावले आहे. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांतही उपचार करताना बऱ्याच गोष्टी रोग्यापासून झाकून ठेवाव्यात, असा सल्ला आहे. दोन्हीकडे हेतू एकच. आशा सुटली की माणूस लवकर जातो, अशी त्यांची समजूत होती.

मग आजाऱ्याला कळायचे कसे? युरोपात ते कळत असे धर्मगुरूच्या पावलांनी. वैद्य म्हणाला, "आता धर्मगुरूला बोलवा," की आजारी समजून जाई. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने याची दखल घेतली. आजार बळावल्यावर आत्म्याची तजवीज करण्यास सांगितले की काही रोगी निराश होतात आणि त्यामुळे त्यांचा मृत्यू अधिक सहज ओढवतो, असे नमूद करून परिषदेने वैद्यांना आज्ञा केली की, कोणत्याही आजाऱ्याकडे गेल्यावर प्रथमच धर्मगुरूला बोलावण्यास सांगावे. सर्वांच्याच घरी सुरुवातीला धर्मगुरू गेला, तर त्याचे येणे ही मरणाची खूण राहणार नाही, असा त्यामागे विचार होता. तो पुरता साधला नाही. शतकानुशतके आजाऱ्यांचा अभ्यंग हा 'शेवटचा' अभ्यंगच राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली त्याला 'रुग्णांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य ठरवले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. तरीही आपल्या घरांतून आजदेखील "फादर, या, पण तेल आणू नका," असा निरोप येतोच.

एकोणिसाव्या शतकात या कथेला मोठे वळण लागले. तोवर वैद्य नाडी पाही, जीभ पाही आणि हे सारे रोग्याच्या देखतच चाले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी आढळले. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपले औरंगाबादही त्याच राज्यात होते. आजार आता काचपट्टीवर, फिल्मवर दिसू लागला. आजाऱ्याला जे दिसत नव्हते ते दुसऱ्याला दुसऱ्या खोलीत दिसू लागले. आजारी आणि त्याचा आजार यांच्यामध्ये एक कागद आला. तो कागद कोणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न तेथून सुरू झाला.

त्याच सुमारास सबंध शहराला तपासणीचा निकाल ऐकवण्याची वेळ एका कॅथलिक डॉक्टरवर आली. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस हे मुंबईत मांडवी भागात वैद्यकी करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथील रोग्यांच्या गाठी आणि ताप पाहून त्यांनी हा ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोग असल्याचे निदान केले. बंदराच्या शहराला असे निदान परवडणारे नव्हते आणि अनेकांना ते पटलेही नाही. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले. पण खऱ्या निदानापाठोपाठ घरांची झडती आली, सक्तीने रुग्णालयात नेणे आले, विलगीकरणाच्या छावण्या आल्या. 'प्लेग' या शब्दाचा अर्थ लोकांच्या लेखी 'घरातून उचलून नेणे' असा झाला. म्हणून लोक रोगी लपवू लागले. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निदान चुकले नव्हते. ते ज्या हातांनी घरात आणले गेले, ते हात परके होते.

कुष्ठरोगाची कहाणीही तशीच. १८७३ साली हॅन्सन यांनी त्याचा जंतू दाखवला, तरी निकालाचा अर्थ लेवीय ग्रंथाच्या काळापेक्षा फारसा बदलला नाही. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला अटक करून आश्रमात डांबता येत असे. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून पुस्तकातून निघाले ते तर २०१९ साली. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. तेथे आलेल्या कितीतरी जणांचा प्रवास डॉक्टरच्या एका वाक्यानंतर बंद झालेल्या घराच्या दारापासून सुरू झाला होता.

अशा अनुभवांतून समाज एक धडा शिकला. निदान झाकायचे. याजकाच्या आणि सरकारच्या हातातून सुटलेला कागद मग कुटुंबाने आपल्या मुठीत धरला.

हे दुष्टपणाने होते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतोच. उपचारासाठी एकर-दोन एकर विकणारा मुलगा असतो, रात्री जागणारी सून असते. डॉक्टरही जो पैसे भरतो, धावपळ करतो त्याच्याशीच बोलतात. आपल्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्याला 'घाटी' म्हणूनच ठाऊक आहे. जालना, बीड, परभणीच नव्हे, तर बुलढाण्याहूनही माणसे तेथे येतात. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यावर ही वाट आणखी रुंद झाली. इतक्या दुरून आलेल्यांना संध्याकाळची एस.टी. गाठायची असते, डॉक्टरांपुढे रांग असते आणि अहवाल असतो इंग्रजीत. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले, असे समजून देवाचे आभार मानणारी माणसे मी पाहिली आहेत.

पण या लपवाछपवीची किंमत काय असते, हे मला २००१ साली कळले. गुरुदीक्षा होऊन मला उणीपुरी दोन वर्षे झाली होती. वैजापूर तालुक्यातील एका खेड्यातले निवृत्त शिक्षक पोटदुखीसाठी शहरातल्या एका रुग्णालयात दाखल होते. तुकडा तपासायला गेला होता. अहवाल थोरल्या मुलाच्या हाती पडला आणि त्याने मला व्हरांड्यात गाठले. मी मान डोलावली. आत जाऊन म्हणालो, "गुरुजी, पुढच्या महिन्यात मिस्साला तुम्ही पहिल्या बाकावर हवेत." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते फक्त "बरं," म्हणाले.

महिन्याभराने त्यांनी मला एकट्याला घरी बोलावले. आवाज खोल गेला होता. "फादर, माझ्या केसपेपरवर काय लिहिलं होतं ते मी पहिल्याच आठवड्यात वाचलं. मुलांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिलो. ते गप्प राहिले मला वाईट वाटेल म्हणून." मग त्यांनी खरे ते सांगितले. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी अकरा वर्षे अबोला होता. भावाला बोलवायचे होते. पण बोलवले असते, तर आपल्याला कळले आहे हे मुलांना कळले असते. त्याच रात्री निरोप गेला. भाऊ पुण्याहून पोहोचला तेव्हा गुरुजींची वाचा गेली होती. भाऊ पायाशी बसून राहिला. ते एकमेकांना काय म्हणाले असते, हे कोणालाच कधी कळणार नाही. त्या पाच आठवड्यांतला माझा वाटा मी विसरलेलो नाही.

जगाचे मतही याच दिशेने सरकले आहे. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले असता, शंभरातील जवळजवळ ९० जणांनी कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगणेच पसंत असल्याचे म्हटले होते. १९७९ साली अमेरिकेतच पुन्हा तसाच प्रश्न विचारला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या अठरा वर्षांत उपचार सुधारले होते आणि रोग्याचा हक्कही मान्य होऊ लागला होता.

आपल्याकडे १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने केसपेपरच्या प्रती मागणाऱ्या रोग्याला किंवा त्याच्या नातलगांना त्या नाकारता येत नाहीत, असा निर्णय दिला. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. त्याच नियमांत डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. मात्र रोग्याला, नातलगांना किंवा जबाबदार मित्रांना कल्पना असावी, अशी मोकळीक त्यात आहे आणि आपली कुटुंबे त्याच फटीतून आत शिरतात. सर्वांत स्पष्ट रीत घालून दिली ती एच.आय.व्ही.च्या तपासणीने. तपासणीपूर्वी समुपदेशन, संमती, निकाल त्याच व्यक्तीला एकांतात आणि निकालानंतर पुन्हा समुपदेशन. २०१७ च्या कायद्याने संमती आणि गोपनीयता यांना बळ दिले. ज्या आजाराची सर्वाधिक नालस्ती झाली, त्यानेच आपल्याला निकाल कसा द्यावा हे शिकवले.

एक निकाल मात्र कोणालाच सांगायचा नाही, असे आपण कायद्याने ठरवले आहे. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे सांगण्यास महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम आळा घातला आणि १९९४ साली देशाचा कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८१० मुलीही नव्हत्या. तेथे शब्द ज्याच्याविषयी होता त्या जिवाला तोंडच नव्हते आणि तो शब्द त्याच्याच विरुद्ध वापरला गेला. म्हणजे प्रश्न केवळ 'सांगावे की सांगू नये' असा नाही. सांगणे आजाऱ्याच्या भल्याचे आहे की इतरांच्या सोयीचे, हा खरा प्रश्न आहे.

२०२० च्या साथीत जुन्या प्लेगच्या आठवणी परतल्या. निकाल फोनवर आला आणि पाठोपाठ दारात रुग्णवाहिका. घराबाहेर फलक लागले, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश नसेल तर असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला त्या वर्षीच्या डिसेंबरात सांगावे लागले. आज तर अहवाल डॉक्टरांच्याही आधी मोबाईलवर येतो. कागद अखेर आजाऱ्याच्या हाती पोहोचला आहे, पण पुष्कळदा तो वाचताना शेजारी कोणीच नसते. पूर्वी माणसे होती आणि सत्य नव्हते. आता सत्य आहे, पण माणसे नाहीत.

आपल्या कुटुंबांनी काय करावे? आजाऱ्यालाच विचारावे, "तपासणीत काय निघालं ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का? किती?" काहींना सारे हवे असते, काहींना नको असते. नको म्हणण्याचाही अधिकार त्यांचाच आहे. ज्याला हवे त्याला डॉक्टरांसमोर बसवावे, मराठीत समजावून मागावे आणि त्याचा हात धरून आपणही तेथे बसावे.

लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. बाहेर घालवलेला माणूस बरा झाला असे कळले, तर त्याला आत येण्याची परवानगी नव्हती. म्हणून याजकाने स्वतः छावणीबाहेर, त्याच्याकडे जायचे आणि तेथे त्याला तपासायचे. निकाल सांगणाऱ्याने आजारी जेथे आहे तेथे जावे, ही रीत इतकी जुनी आहे. गुरुजींच्या खाटेशी मी गेलो होतो खरा, पण व्हरांड्यातून पुढे माझे मन सरकले नव्हते. त्यानंतर कोणी मला व्हरांड्यात बोलावले की मी एवढेच म्हणतो, "चला, आपण आतच बसून बोलू."