नाताळच्या घरी न्यावयाचे फुलझाड : निवड कशी करावी?

गोव्यात सणाला शेजारघरी रिकाम्या हाताने जाण्याची रीत नाही. चतुर्थीला ज्या घरी नेवऱ्या गेल्या, त्या घरून नाताळात दोदोल आणि बेबिंकेचे ताट येते. मात्र नाताळच्या दिवशी यजमानाकडे केकांची रास आधीच लागलेली असते. त्यामुळे कुंडीतले फुलझाड भेट नेण्याकडे अलीकडे अनेकांचा कल दिसतो. अडचण अशी, की यातील बरीच रोपे 6 जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंतही टिकत नाहीत. दोष बहुधा यजमानाच्या हाताचा नसतो, निवडीचा असतो. रोपवाटिकेत रोपाचे रूप पाहिले जाते. ते ज्या घरात राहणार तेथील उजेड कोणी आठवत नाही.

नाताळ म्हटले की पहिली नजर पॉइन्सेटियावर जाते. हे झुडूप मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचे तेथील पहिले राजदूत जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट यांनी 1820च्या दशकात ते आपल्या देशी पाठवले आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. त्याचे लाल भाग पाकळ्या नव्हेत. ते रंगलेले छद, म्हणजे फुलांभोवतीची पाने आहेत. खरी फुले मध्यभागी, बारीक आणि पिवळसर. विकत घेताना तीच पाहावीत. ती घट्ट, हिरवट-पिवळी असतील तर रोप ताजे आहे. परागकण सांडू लागले किंवा फुले गळून गेली असतील, तर लाल रंगही फार दिवस राहणार नाही.

छदांना रंग चढण्यासाठी या झाडाला सुमारे दोन महिने लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. गोव्यात डिसेंबरची रात्र जवळजवळ पावणेतेरा तासांची असते, म्हणून येथील जुन्या बागांत ते आपोआप रंगते. परंतु दारातला दिवा रात्रभर जळत असेल, तर त्या बाजूच्या फांद्या हिरव्याच राहतात. नाताळच्या नक्षत्राचा उजेड मात्र त्याला बाधत नाही, कारण ते टांगेपर्यंत छद रंगलेले असतात. कुंडीत बुटके दिसणारे रोप पुष्कळदा वाढरोधक औषधाने तसे ठेवलेले असते. जमिनीत लावले की ते माणसाहून उंच होते. म्हणून अंगण असलेल्या घरासाठी पॉइन्सेटिया उत्तम. सदनिकेत तो दीड-दोन महिन्यांचा पाहुणा, एवढे देतानाच सांगितलेले बरे.

बंद खोलीत वर्षभर राहील असे झाड हवे, तर अँथुरियमला तोड नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर आंद्रे यांना ते 1876 साली कोलंबियात सापडले. उष्ण, दमट अरण्यातले हे झाड असल्यामुळे कोकणपट्टीची हवा त्याला परकी वाटत नाही. त्याचा चकचकीत लाल महाछद सहा-आठ आठवडे सहज टिकतो. खिडकीजवळचा, पण थेट उन्हाचा नसलेला उजेड त्याला पुरतो. शिंपल्यांच्या तावदानांतून गाळून येणारा जुन्या घरांतला प्रकाश जणू त्याच्यासाठीच. याहून अंधारी खोली असेल, तर त्याच कुळातली पीस लिली न्यावी. फूल साधे, पांढरे. पण तहान लागली की ती पाने टाकते आणि पाणी मिळताच काही तासांत उभी राहते. विसराळू यजमानाला एवढा इशारा पुरे. (ती खोलीतील हवा शुद्ध करते, ही जाहिरात मनावर घेऊ नये. त्यामागचा 1989चा नासाचा प्रयोग बंद पेटीतला होता. राहत्या घरात त्याचा परिणाम नगण्य.)

फॅलिनॉप्सिस ही ऑर्किडची जात महाग असली तरी फुले दोन-तीन महिने राहतात. तिला मारते ते प्रेमाने घातलेले पाणी. मुळे रुपेरी दिसली तरच पाणी द्यावे, हिरवी असताना नाही. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साचू देऊ नये. आणखी एक सूचना गोव्याच्या स्वयंपाकघरांसाठी: पिकत्या केळीच्या घडाजवळ ही कुंडी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने तिच्या कळ्या गळतात.

कडक उन्हाच्या सज्जासाठी कलांचो. पानफुटीचा हा मादागास्करी नातलग जाड पानांत पाणी साठवतो, त्यामुळे डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत निर्धास्त असतो. चतुर्थीला मात्र तो देऊ नये. पावसात मुळे कुजतात.

घरात रांगते मूल किंवा मांजर असेल, तर निवड बदलते. अँथुरियम आणि पीस लिली ही सुरण कुळातली. कच्चे अळू जसे घशात खाजते, तशीच त्यांची पाने तोंड चुरचुरवतात. कलांचो गुराढोरांना आणि पाळीव प्राण्यांना विषारी आहे. पॉइन्सेटियाचा चीक त्वचेला झोंबतो, पण त्याच्या जीवघेणेपणाची ख्याती अतिशयोक्त आहे. खरा धोका लिलियम वर्गातील लिलींचा: त्यांचे परागकण अंगावरून चाटल्यानेही मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अशा घरी फॅलिनॉप्सिस किंवा आफ्रिकन व्हायोलेट निर्धोक.

देताना कुंडीभोवतीचा चमकदार कागद तळाशी फाडून खाली बशी ठेवावी. त्या कागदात साचलेले पाणी कित्येक रोपांचा बळी घेते. सणाच्या गडबडीत यजमानाला कुंडी बदलायला लावू नये.

या साऱ्या परदेशी मंडळींत अबोलीचे नाव क्वचितच निघते. गोव्याच्या केसांत माळले जाणारे हे फूल उन्हाच्या कुंडीत जवळजवळ बारमाही फुलते, आणि डिसेंबरात मोगरा झोपलेला असतानाही ती सोबत करते. सुकलेले तुरे कापले नाहीत, तर पावसाचे पहिले थेंब पडताच तिची बोंडे तडकतात, बिया दूर उडतात आणि श्रावणाच्या सुमारास शेजारच्या कुंड्यांतून नवी रोपे वर येतात. चतुर्थीला परतभेट म्हणून त्यांतलेच एखादे पुरते.