अवतरण

अवतरण म्हणजे दुसऱ्याचे बोलणे किंवा लिहिणे त्याच्याच शब्दांत आपल्या मजकुरात घेणे. शब्द मूळचेच असावेत, ते कोणाचे हे कळावे आणि कोणत्या प्रसंगी कोणाला उद्देशून आले हेही वाचकाला समजावे, एवढी त्याची अट असते. मराठीत या अटींचा विचार छापखान्याच्या कितीतरी आधी झाला. त्या इतिहासाचे दोन धागे आजच्या जालना जिल्ह्यात येऊन मिळतात. भोकरदन तालुक्यात जयदेववाडी येथे ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे तीर्थ आहे आणि घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे.

दुसऱ्याचे शब्द जपण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत काटेकोर मराठी उदाहरण महानुभावांचेच आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मागे त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी जमवून १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांच्यापुढे प्रसंग घडला त्यांना गाठायचे, त्यांच्याकडून तो ऐकायचा आणि रिद्धपूरला पंथाचे तेव्हाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घ्यायचा, अशी त्यांची रीत होती. लीळेत, म्हणजे अशा एकेका प्रसंगात, चक्रधरांचे वाक्य येते तेव्हा ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ अशी स्पष्ट खूण असते. अवतरणचिन्हे नसलेल्या, शब्दही सलग लिहिलेल्या पोथीत बोलणारा कोण हे या खुणेमुळे हरवत नाही.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘खालशाची धाड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वारीच्या गडबडीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. साहजिकच स्मरणांत फरक पडले. ते मिटवून एकच गुळगुळीत मजकूर तयार करणे सोपे होते, पण पंथाच्या लेखकांनी तसे केले नाही. अनुयायांपैकी हिराइसेचा पाठ कोणता, रामेश्वरबासांचा कोणता, हे नावानिशी नोंदले गेले. वेगळी परंपरा ‘वासना’ म्हणून, तर चौकशीतून निघालेली भर ‘शोधु’ म्हणून मजकुरात दाखवली गेली. प्रत्येक शब्दामागे सांगणारा उभा करणारी ही शिस्त मध्ययुगीन वाङ्मयात विरळ आहे, आणि तिचा मराठी वाचकांना अभिमान वाटायला हवा.

अवतरणातील खरी अडचणही याच परंपरेने ओळखली. पंथातील केसोबासांनी चक्रधरांची वचने प्रसंगांतून वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. पाठांतराला तो सोयीचा होता. पण सुटे वचन कोणाला, कोणत्या प्रश्नावर सांगितले हे त्यात उरले नाही. एका शिष्याच्या स्वभावाला धरून दिलेली सूचना मग सर्वांना लागू असलेली आज्ञा वाटू शकते. ही उणीव भरण्यासाठी ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ आला. सूत्र कोणत्या प्रसंगाने निघाले ते तो सांगतो. ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी आणखी एक मर्यादा पाळली. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, त्यांचा उलगडा करणारे दार्ष्टांतिक मात्र आपले, असे तीन भाग त्यांनी वेगळे ठेवले. उद्धृत वचन आणि त्यावरचे भाष्य एकमेकांत मिसळू नये, हा नियम याहून स्वच्छ रीतीने पाळता येणार नाही. ‘स्थानपोथी’ने तर लीळांची ठिकाणेही नोंदवून ठेवली.

रामदासांची (१६०८–१६८२) पद्धत निराळी आहे. ‘दासबोधा’च्या पहिल्याच समासात (प्रकरणात) ते भगवद्गीता, उपनिषदे, भागवत आणि अनेक गीतांची नावे घेऊन आपल्या ग्रंथाला त्यांची संमती असल्याचे सांगतात. पुढे मात्र ओवीगणिक उल्लेख नाहीत. ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे, पण कोणता विचार कुठून आला हे अभ्यासकालाच शोधावे लागते. शब्द जसेच्या तसे उतरण्याची कळकळ त्यांना होती, याची साक्ष एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास देतो. तो सगळा लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कडेची कोरी जागा, शाई यांची काळजी तिथे शिकवली आहे. हाताने नकल होण्याच्या काळात एक अक्षर चुकले की ती चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरत असे. त्याआधी शके १५०६मध्ये पैठणला एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’चा पाठ शुद्ध केला आणि तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावले, त्यामागेही हीच चिंता होती. संतकवितेत ‘तुका म्हणे’सारखी नाममुद्रा कर्त्याची ओळख सांगते, पण मुद्रा कोणालाही लावता येत असल्याने एकट्या तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. अवतरणचिन्हांची मराठीला विशेष गरज आहे. ‘मी उद्या येतो असे तो म्हणाला’ या वाक्यात बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो, त्यामुळे हे त्याचे नेमके शब्द की केवळ आशय, हे चिन्हांवाचून ठरत नाही. ऐकीव गोष्ट सांगताना वापरला जाणारा ‘म्हणे’ हा शब्द तर सांगणाऱ्याचे नावच गाळतो. म्हणून नेमके शब्द असतील तरच अवतरणचिन्हे घालावीत आणि आशय सांगताना ती टाळावीत. दुहेरी चिन्हांतील अवतरणात पुन्हा अवतरण आल्यास आत एकेरी चिन्हे येतात. लांब उतारा वेगळ्या परिच्छेदात घेतात. गाळलेली जागा टिंबांनी आणि आपण घातलेला शब्द चौकटी कंसात दाखवतात. मूळची चूक दुरुस्त न करता ती मूळचीच असल्याचे सांगतात. उतारा आपल्या मुद्द्याला लागेल एवढाच असावा, मात्र ‘पण’, ‘जर’, ‘नाही’ असे अर्थ फिरवणारे शब्द त्यातून गाळणे म्हणजे मूळ लेखकावर अन्याय होय. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२नुसार टीका व परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उतारा घेता येतो.

‘दासबोधा’चा संदर्भ दशक, समास आणि ओवी या क्रमाने देतात, ‘ज्ञानेश्वरी’चा अध्याय आणि ओवी असा. ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत एवढे पुरत नाही. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक सारखे नाहीत, त्यामुळे संपादकाचे नाव सोबत नसेल तर नुसत्या क्रमांकावरून लीळा सापडत नाही.