मॉस्किटोचा पंख आणि सुटणारे थर

कार्बन फायबरची वस्तू मोडली की तपासणीत एक कारण वारंवार पुढे येते : थर एकमेकांपासून सुटले. हा आजार या नव्या पदार्थाबरोबरच जन्माला आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती पटत नाही. या आजाराचे कुळ लाकडी आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा हिंदुस्थानात सापडतो.

1944च्या उत्तरार्धात पूर्वेकडच्या आघाडीवर ब्रिटिश हवाई दलाची काही मॉस्किटो विमाने कोसळली. मॉस्किटो म्हणजे जवळजवळ संपूर्ण लाकडी लढाऊ विमान. धड बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड चिकटवून केलेले, पंखाला स्प्रूसच्या पट्ट्या आणि वर प्लायवूडचे आवरण. पंखावरचे हे आवरण मुख्य तुळईपासून उचलले गेल्याचे दिसले, तेव्हा पहिला संशय सरसावर गेला. सुरुवातीच्या विमानांत दुधातल्या केसिनचा सरस होता. तो उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने तडकला असेल, असे म्हटले गेले. विमाने तयार करणाऱ्या डी हॅव्हिलँड कंपनीचे एक पथक मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलँड यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी निष्कर्ष दिला : सरस निर्दोष आहे, पावसाळ्यात सांगाड्याच्या लाकडाची मापे बदलल्यामुळे हे घडले. पुढच्या चौकशीने मात्र बोट थेट कारखान्याकडे दाखवले. इंग्लंडमध्ये डेफर्डला तपासलेल्या विमानांतही तसेच दोष निघाले, आणि त्यांतल्या एकानेही मोसमी पाऊस पाहिलेला नव्हता. चिकटवण्याचे काम हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन इथल्या कारखान्यांतच कच्चे राहिले होते. तरीही विमानावरचा विश्वास उडू नये म्हणून हवाई खात्याने ‘मुख्यतः हवामान’ हेच कारण पुढे धरले.

कारखान्याचा दोष ठरवणाऱ्यांचा पुरावा भक्कम आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. पण त्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तोच कच्चा सांधा इंग्लंडमध्ये असताना बोंब हिंदुस्थानातूनच का उठली? इथे लाकडाचा स्वभाव पाहावा लागतो. ओल धरली की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने चांगलेच फुगते, रेषांच्या लांबीत जवळजवळ मुळीच नाही. प्लायवूडमध्ये एका पदराच्या रेषा उभ्या, तर शेजारच्या पदराच्या आडव्या. त्यामुळे ओल येताच एका पदराला जिकडे पसरायचे असते, तिकडे दुसरा त्याला पसरू देत नाही. ही सगळी ओढाताण सोसायची कोणी? मधल्या सरसाच्या रेघेने. विमान जमिनीवर नुसते उभे असले तरी ही ओढ चालूच असते. कारखान्याने सांधा कच्चा ठेवला हे खरे. पण त्याला ओढणारा जोर आडव्या-उभ्या रचनेतूनच आला होता. हवामानाने तो जागा केला, इतकेच.

यावर एक आक्षेप येईल : चिकटवलेल्या थरांचेच कुळ शोधायचे असेल, तर मॉस्किटोवर का थांबायचे? शिंग, लाकूड आणि कंडरा सरसाने जोडून केलेले तुर्की-मुघल धनुष्य कित्येक शतके जुने आहे. दमट हवेत त्याचा सरस मऊ पडे, आणि हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये घडवली गेली त्यामागे हेच कारण असावे, असे शस्त्रांचे अभ्यासक सांगतात. तरी हे धनुष्य मला पूर्वज वाटत नाही, लांबचा भाऊबंद वाटतो. त्यातले सगळे थर धनुष्याच्या लांबीतच धावतात. तिथे दगा देतो तो सरस. मॉस्किटोत आणि कार्बन फायबरमध्ये शेजारी थर मुद्दाम वेगळ्या दिशांना ठेवलेले असतात, आणि वारसा पुढे आला तो या रचनेचा.

तो पुढे आला याला मला मिळालेला धागा असा. युद्धकाळात फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये जे. ई. गॉर्डन हे लाकडी विमाने आणि प्लास्टिक यांवर काम करत होते. त्याच संस्थेत 1963-64च्या सुमारास वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी बळकट कार्बन फायबर तयार करण्याची पद्धत बसवली. आणि 1964 मध्ये गॉर्डन यांनी जॉन कुक यांच्यासह मांडले की ठिसूळ पदार्थात मुद्दाम कमजोर सांधे ठेवले, तर तो चिवट होतो. धावत्या भेगेच्या टोकापुढे पदार्थाला दोन दिशांनी ताण बसतो. भेग उघडणारा मोठा, आणि भेगेच्या वाटेला समांतर असा साधारण त्याच्या एक पंचमांश. सांधा या छोट्या ताणाला आधीच उकलेल इतका कमजोर असेल, तर भेग त्याच्यापाशी पोचताच आडवी वळते आणि बोथट होते. लाकडाची शहाणीव कार्बनला देणारा हा निबंध आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

मग सुटणारा थर दोष कसा, असे कोणी विचारेल. ताण असेल तोवर तो गुणच आहे. पण दोन थरांच्या मध्ये एकही तंतू आरपार जात नाही, असते ती तंतूंना चिकटवून धरणारी नुसती रेझिन. तंतूंच्या दिशेने एका थराची जी ताकद असते, तिच्या पाच टक्केही आडव्या दिशेने उरत नाही. शिवाय भट्टीतून निघून थंड होताना प्रत्येक थर आपापल्या दिशेने आकसतो, म्हणजे मॉस्किटोच्या प्लायवूडमधली ओढाताण इथेही जन्मतःच असते. 1970 मध्ये पाइप्स आणि पगॅनो यांनी गणिताने दाखवले की कापलेल्या कडेला थरांमधले ताण एकदम वाढतात. त्याच सुमारास रोल्स-रॉइसच्या आरबी211 इंजिनाची हायफिल नावाची कार्बन पाती पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. 4 फेब्रुवारी 1971 रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली, त्याला इतर खर्चही तितकेच जबाबदार होते.

खरा घात होतो तो दाबाखाली. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ती मधोमध सुटली की प्रत्येक अर्ध्याकडे मूळ विरोधाचा आठवा हिस्सा उरतो, दोन्ही मिळून चौथा. एकाही तंतूला धक्का न लागता, बाहेरून काही न दिसता, दाबाखाली न वाकता टिकण्याची ऐपत तीन चतुर्थांश गेलेली असते. सुटलेला पापुद्रा मग फुगतो, फट पसरते, आणि पुढचा पापुद्रा एकटा पडतो.

समुद्राखालच्या यानावर सगळीकडून दाबच असतो. टायटॅनिकचे अवशेष पाहायला सुमारे 3800 मीटर खोल जाणाऱ्या टायटन या यानाचे कार्बन फायबरचे नळकांडे साधारण पाच इंच जाड होते. एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे भाजून, वरच्या सुरकुत्या घासून, एकावर एक चढवलेले. 15 जुलै 2022 रोजी 80व्या बुडीनंतर वर येताना मोठा आवाज झाला. त्यानंतर नळकांड्यावरच्या ताणमापकांचे आकडे पूर्वीसारखे येईनात. अमेरिकी तपास यंत्रणेने पुढे निष्कर्ष काढला की थर सुटलेले होते. पण ते बदललेले आकडे वेळेवर कोणी नीट वाचले नाहीत, यान पुन्हा पाण्यात उतरवले गेले, आणि 18 जून 2023 रोजी ते आत चिरडले जाऊन त्यातले पाचही जण मरण पावले.