उन्हाचें औषध

१९१२ सालीं मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरानें रक्तद्रव्यापासून बनविलेलें हिमॅटोपॉर्फिरीन, अवघें २०० मिलिग्रॅम, स्वतःलाच टोचून घेतलें. उन्हांत जातांच त्याचा चेहरा ओळखूं न येण्याइतका सुजला! त्यापूर्वीं व्हिएन्नांत हाउसमान यांना तेंच द्रव्य टोचलेले उंदीर उजेडांत मरतांना व अंधारांत जगतांना आढळले होते. हा मारकपणा गांठीवर रोखतां आला तर? तें द्रव्य उंदरांच्या गांठींत विशेष सांचतें, हें १९४८ मध्यें फिगे यांनीं दाखविलें. १९७५ सालीं बफेलो येथें डॉहर्टी यांनीं त्याच जातीचें द्रव्य देऊन उंदरांच्या गांठींवर मांसांत खोल शिरणारा तांबडा प्रकाश पाडला. पेशींतील प्राणवायूनें उग्र रूप धरलें, आणि कित्येक गांठी नाहींशा झाल्या. १९९३ सालीं कॅनडानें मूत्राशयाच्या कर्करोगावर हें औषध मान्य केलें. मात्र तें घेतलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे ऊन टाळावें लागतें.