कोल्ड एअर इनटेक : गाडीत बसवण्याआधी हे समजून घ्या

गाडीची ताकद वाढावी म्हणून अनेक जण बाहेरून कोल्ड एअर इनटेक बसवून घेतात. हे नेमकं काय असतं?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. थंड हवा जास्त दाट असते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१८ किलो, तर ५५ अंशांना १.०८ किलो भरतं. म्हणून बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बंपरजवळची हवा पाइपने इंजिनाकडे आणली जाते.

कसं बसवतात?

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. मूळ फिल्टरचा डबा काढून नवा पाइप आणि फिल्टर लावतात. हवा मोजणारा सेन्सर जपून नव्या पाइपवर बसवतात. त्याच्या पुढचा क्लॅम्प सैल राहिला, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागू शकतो.

धोका कुठे?

फिल्टर जितका खाली, तितका पाण्याच्या जवळ. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर त्याने पाणी ओढलं, तर ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका.

मग बसवावं का?

बऱ्याच नव्या गाड्यांचा मूळ इनटेकही बाहेरचीच हवा घेतो. त्यामुळे फरक ताकदीपेक्षा आवाजात जास्त जाणवतो. वॉरंटी आणि विम्याच्या अटी मात्र आधीच वाचा.