पीळ दिलेल्या तारेची कुळकथा

पुण्यातील घरांत राउटरपासून छोट्या संगणकापर्यंत जाणाऱ्या लॅन केबलच्या आवरणात तांब्याच्या आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. तो टेलिफोनच्या पहिल्या दशकात जन्मला, आणि वायरवरचे नेट मधूनच का तुटते, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे त्याच्या इतिहासातच सापडतात.

तारायंत्राच्या काळात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकच तार नेत असत आणि विद्युत्प्रवाहाच्या परतीच्या वाटेसाठी जमिनीचा उपयोग करीत असत. सुरुवातीच्या टेलिफोननेही हीच रीत उचलली. परंतु बोलण्याचा प्रवाह अतिशय क्षीण असल्यामुळे शेजारच्या तारायंत्राची कटकट आणि दुसऱ्याच कोणाचे संभाषण कानी पडू लागले. एका तारेतील संकेत शेजारच्या तारेत उतरण्याच्या या दोषाला ‘क्रॉसटॉक’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी परतीसाठी दुसरी तार घेऊन दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या रचनेचे पेटंट १८८१ मध्ये मिळवले. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे भारतातील पहिली टेलिफोन एक्स्चेंजे सुरू झाली.

या रचनेचे मर्म असे की, पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने उपद्रवाच्या उगमाजवळ येतात, त्यामुळे बाहेरचा उपद्रव दोघींत जवळजवळ सारखाच उतरतो. आणि ग्रहण करणारे यंत्र दोन तारांमधील फरकच वाचत असल्याने हा समान उपद्रव आपोआप वजा होतो. एकाच केबलमधील जोड्यांचा परस्परांना उपद्रव होऊ नये, म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ कमी-अधिक घट्ट ठेवला जातो.

संगणकांच्या जाळ्यात हा पीळ उशिरा आला. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ज्या ‘इथरनेट’ची कल्पना मांडली, त्यात सर्व संगणक एकाच सामाईक कोअॅक्सिअल केबलला, म्हणजे मध्यभागी एक तार आणि तिच्याभोवती धातूचे वेष्टन असलेल्या केबलला, जोडलेले असत. अशा रचनेत एक सांधा सैल झाला तरी सगळे जाळे कोलमडे आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधताना सांध्यामागून सांधा तपासावा लागे. कार्यालयांच्या भिंतींतून टेलिफोनच्या पिळलेल्या जोड्या आधीच खेळवलेल्या असल्याने त्यांचाच उपयोग करण्याचा विचार पुढे आला आणि १९९० मध्ये तसे मानक मंजूर झाले. प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती पेटीपर्यंत १०० मीटरपर्यंतची स्वतंत्र केबल मिळाली, आणि त्यामुळे एका केबलचा दोष त्या केबलपुरताच राहू लागला.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली, तर आयुका ही खगोलशास्त्राची संस्था शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याचे पुण्यातील केंद्र बनली. अशा संशोधनसंस्थांतील जाळ्यांत वापरली जाणारी ही पिळलेली केबल पुढे घराघरांत शिरली, आणि आज ती, तिचे प्लास्टिकचे कनेक्टर आणि ते दाबून बसवण्याची क्रिंपिंगची पक्कड बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळते.

घरी क्रिंपिंग करताना होणारी सर्वांत फसवी चूक टेलिफोनच्या या वारशातूनच आलेली आहे. आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये मधल्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिना पहिल्या टेलिफोन लाइनसाठी असल्यामुळे दुसरी जोडी त्यांच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ३ आणि ६ या पिनांवर, विभागून बसवावी लागली, आणि संगणकाच्या मानकानेही हीच मांडणी स्वीकारली. हे ठाऊक नसलेली व्यक्ती हिरवी जोडी ३-४ वर आणि निळी जोडी ५-६ वर ओळीने बसवते. दोन्ही टोकांना तीच मांडणी असल्याने स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. मात्र ३ आणि ६ वरून जाणारा संकेत एका हिरव्या आणि एका निळ्या तारेतून, म्हणजे एकमेकींभोवती न पिळलेल्या तारांतून, वाहू लागतो आणि क्रॉसटॉक परत येतो. अशी केबल कमी वेगाला आणि थोड्या अंतरावर निभावून जाते, पण वेग वाढताच जोडणी तुटू लागते.

वेग घसरण्यालाही असाच अर्थ असतो. सेकंदाला १०० मेगाबिटचे इथरनेट १, २, ३ आणि ६ या पिनांवरील दोनच जोड्या वापरते, तर १९९९ च्या मानकानुसार तांब्याच्या तारांवर १ गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. त्यामुळे गिगाबिटची जोडणी १०० वर येऊन थांबली, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटल्याचा संशय घ्यावा. राउटरला पिंग पाठवल्यावर, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश धाडल्यावर, उत्तरे गळत असतील तर दोष घरातच असतो. संदेशाच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी ४ बाइटांची तपासणी-संख्या असते, आणि ती न जुळल्याच्या नोंदी संगणकात वाढत असतील तर केबल किंवा तिची टोके यांच्याकडेच बोट जाते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जुन्या प्रतिरूपांत मात्र इथरनेटची चिप यूएसबीच्या मार्गावरच असल्याने अपुऱ्या वीजपुरवठ्यामुळेही जोडणी तुटू शकते, म्हणून अॅडाप्टरही तपासणे आवश्यक ठरते.

या साऱ्या तपासणीचा क्रम पिळाचा इतिहासच सांगतो. केबलच्या मधल्या लांबीत पीळ कारखान्यानेच घट्ट बसवलेला असतो आणि तो सोडला जातो तो मुख्यतः टोकांशी, कनेक्टर बसवताना. तेथे सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक लांबीचा पीळ उकलू नये, असा दंडक आहे. म्हणून राउटर बदलण्याआधी किंवा सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवण्याआधी केबलची दोन्ही टोके कापून, रंगांचा क्रम मानकाशी ताडून, नव्याने क्रिंप करणे हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा पुरेसा ठरणारा उपाय आहे.