शेठ आणि शेठाणी

पनवेलची नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. पुढच्या वर्षी ७८ जागांची पहिली निवडणूक झाली आणि डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती आणि २०११ पासूनचं निम्म्या जागांचं आरक्षण नसतं, तर सभागृहात एकदम किमान ३९ बायका बसल्या नसत्या. पण खुर्ची बदलली, हाक बदलली नाही. या भागात वजनदार पुढाऱ्याला 'शेठ' म्हणतात. बाईला मात्र तसा शब्दच नाही; 'शेठाणी' म्हणजे शेठची बायको. तिनं ताई व्हायचं नाहीतर वहिनी, म्हणजे कुणाची तरी नातलग. सत्तेतल्या स्त्रीला विषमता अशी रोजच्या हाकेतून भेटते.

तिचं मन यावर काय करतं? वर गेलेली बाई इतर बायकांपासून फटकून राहते, हा जुना आरोप. आपण तो 'बाईच बाईची वैरी' म्हणून मिटवतो. २०११ साली बेल डर्क्स, नाओमी एलेमर्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्सच्या पोलीस दलातल्या वरिष्ठ स्त्रियांना वाट्याला आलेला पक्षपात आठवायला लावला. ज्यांना स्त्री म्हणून असलेली ओळख फारशी जवळची वाटत नव्हती, त्या इतर स्त्रियांपासून दूर सरकल्या, भेदभाव होतो हेही नाकारू लागल्या. ज्यांना ती जवळची होती, त्यांना उलट इतर स्त्रियांना संधी मिळवून द्यावीशी वाटू लागली. तेव्हा फटकून राहणं हा बाईचा उपजत स्वभाव मानता येत नाही. बऱ्याचदा ती जुन्या घावावरची खपली असते.

कुणी म्हणेल, त्या अधिकारी पायऱ्या चढून आल्या. आरक्षणानं आलेलीला 'सहीपुरती बाई' हा टोमणाच जास्त लागणार. टोमणा लागतो हे खरं, पण तो कायमचा नसतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ज्या गावांनी आरक्षणामुळे ग्रामपंचायतीची प्रमुख म्हणून बाई पाहिली, तिथल्या पुरुषांचं स्त्रियांच्या नेतृत्वक्षमतेबद्दलचं मत सुधारलं, आणि लागोपाठ दोन वेळा पाहिली तिथे पुढे विनाआरक्षणाच्या जागांवरही बायका अधिक निवडून आल्या. पनवेलला मला काळजी वाटते ती वेगळीच. महापौरपद सोडतीनं फिरतं आणि बरंचसं मानाचं असतं. कारभार आयुक्तांकडे, खर्चाच्या मंजुऱ्या स्थायी समितीकडे, आणि त्या समितीच्या सभापतिपदाला आरक्षण नाही. तिजोरीपासून दूर बसवलेल्या बाईनं इतर बायकांसाठी काय केलं, हा जाब आपण तिलाच आधी विचारतो.